राज कॉमिक्सच्या नायकांची फेरमांडणी कशी व्हावी? एक आराखडा आणि त्यावरील चर्चा

परभणीचा वाचक

सप्रेम नमस्कार. राज कॉमिक्स या हिंदी कॉमिक्स प्रकाशनाच्या नायकांची मांडणी नव्याने करायची झाली तर ती कशी असावी, याचा एक आराखडा पुढे देत आहे. येथील अनेक सदस्य माझ्यापेक्षा जुने वाचक आहेत, तेव्हा त्यांनी त्यातील कच्चे दुवे दाखवावेत, ही विनंती.

आधी अडचण सांगतो. १९८६ मध्ये नागराज आला, १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला आणि त्यानंतर डोगा, परमाणू, तिरंगा, भोकाल, भेडिया, कोबी, अँथनी, शक्ती, इन्स्पेक्टर स्टील अशी नायकांची रांगच लागली. प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र शीर्षक असे आणि वाचकाच्या लक्षात राही ते शीर्षकच. त्या नायकाचे हे कितवे पुस्तक, याचा हिशोब कोणी ठेवत नसे. पुस्तके सुटी न येता 'सेट'ने येत आणि कथा दोन-तीन भागांत गेली, तर पुढचा भाग कोणता हे भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानदाराला पाठ असे, म्हणून आपल्या पिढीचे काही अडले नाही. मनमाड ते काचीगुडा या मार्गावरच्या गावांत दखनी हिंदी कानावर पडतच मोठे झालेल्या मुलांना भाषेचीही अडचण नव्हती. आता तो दुकानदार राहिलेला नाही. आज तेरा वर्षांच्या मुलाने नागराज कोठून वाचायला सुरुवात करावी असे विचारले, तर मला स्वतःला क्षणभर थांबावे लागते, आणि माझ्या मते प्रकाशनाचे खरे दुखणे नायकांच्या गर्दीत नसून या थांबण्यात आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की नायकांच्या तीन ओळी कराव्यात आणि कोणते पुस्तक कोणत्या ओळीतले, हे मुखपृष्ठाच्या रंगावरूनच कळावे. पहिली ओळ शहराची: मुंबईचा डोगा, दिल्लीचे परमाणू आणि तिरंगा, राजनगरचा स्टील. येथे गुन्हा माणसाचा असावा आणि त्याचा उलगडाही माणसाच्या आवाक्यातला असावा. दुसरी ओळ अलौकिकाची: नागराज, शक्ती, अँथनी, भेडिया आणि कोबी. तिसरी ओळ प्राचीन काळाची, म्हणजे भोकाल, अश्वराज, योद्धा, गोजो. बांकेलाल विनोदी असल्यामुळे त्याला या हिशोबातून मोकळेच सोडावे. त्याला कोणत्याही क्रमाची गरज कधीच नव्हती.

ध्रुवाला मी मुद्दाम कोणत्याही ओळीत ठेवलेले नाही. त्याच्याकडे अलौकिक शक्ती नाही. ज्युपिटर सर्कशीत वाढल्यामुळे अंगी आलेली कसरत, पशुपक्ष्यांशी संवाद साधण्याची हातोटी आणि विज्ञानाची जाण, एवढ्यावर तो निभावून नेतो. त्यामुळे डोगाच्या गल्लीत तो अवाजवी वाटत नाही आणि नागराजाच्या शेजारी उभा राहिला तरी खुजा दिसत नाही. तिन्ही ओळींत ये-जा करणारा नायक एकच असावा आणि तो ध्रुवच असावा, असे मला वाटते. बाकीच्यांनी एकमेकांच्या ओळीत डोकावू नये. सर्वांची भेट वर्षातून एकदाच, एका मोठ्या विशेषांकात व्हावी आणि ती कथा त्याच अंकात संपावी. सर्व नायकांना एकत्र आणणाऱ्या 'सर्वनायक' मालिकेची कल्पना भव्य होती, पण भागांमधील अंतर वाढत गेले आणि आधीच्या भागात काय घडले होते, हे आठवण्यातच पुढच्या भागाची गोडी ओसरत गेली.

शेवटचा मुद्दा मराठी आवृत्तीचा. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ मध्ये सुरू झाले आणि ते मराठीतही निघत असे. वेताळ (फँटम) घरोघरी पोहोचला तो त्यामुळेच. राज कॉमिक्सने मराठीत पहिला नायक डोगा द्यावा, कारण त्याची मुंबई आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. आपले मत काय?

जालन्याहून

आराखडा विचारपूर्वक केलेला आहे, यात शंका नाही, परंतु ओळींच्या भिंती आपण फार उंच बांधल्या आहेत. नागराज आणि ध्रुव यांच्या एकत्रित विशेषांकांची आम्ही जेवढी वाट पाहिली, तेवढी एकट्या नागराजाच्या किंवा एकट्या ध्रुवाच्या पुस्तकाची क्वचितच पाहिली असेल. त्या कथांची गंमत दोघे मिळून खलनायकाला हरवतात यात नव्हती. एकाचे विष आणि इच्छाधारी शक्ती, दुसऱ्याची युक्ती, आणि यांपैकी खरे काम कशाने होणार याची शेवटच्या पानापर्यंत चालणारी चुरस, हा त्या कथांचा प्राण होता. वर्षातून एकच भेट ठेवली तर तिच्यात इतके नायक कोंबावे लागतील, की प्रत्येकाच्या वाट्याला दोन चौकटी आणि एक संवाद येईल. त्यापेक्षा दोघा-दोघांच्या भेटी वर्षभर होऊ द्याव्यात आणि सर्वांची महाभेट पाच वर्षांतून एकदा झाली तरी चालेल.

डोगा शहराच्या ओळीत ठेवण्यास माझी हरकत नाही. तो तेथलाच आहे. परंतु परमाणू तेथे बसत नाही. परमाणू होणारा इन्स्पेक्टर विनय पोलीस आहे म्हणून त्याला शहरी म्हणायचे, तर त्याचा अणूएवढे होण्याचा पोशाख कोठे ठेवायचा? डोगाच्या कथेत बंदुकीची गोळी लागली तर माणूस मरतो, आणि परमाणूच्या कथेत नायक त्या गोळीहून लहान होऊ शकतो. या दोघांना एका रंगाचे मुखपृष्ठ दिले, तर नवा वाचक पहिल्याच महिन्यात फसेल. शहर हा निकष सोडून 'या कथेत काय घडू शकते' हा निकष लावावा. मग परमाणू आणि स्टील यांची विज्ञानाची वेगळी ओळ होते आणि ध्रुवाचे मूळ घरही तेच ठरते. चंडकाल असो वा ग्रँड मास्टर रोबो, ध्रुव शत्रूला हरवतो ते बहुतेक वेळा विज्ञानाचा एखादा नियम आठवूनच.

नांदेडचा संग्राहक

मला दोघांचेही पटते आणि दोघांच्याही हातून एक गोष्ट सुटली आहे. मांडणी ठरते ती नायकांवरून कमी आणि महिन्याला किती पाने छापून विकता येतात यावरून जास्त. अमेरिकेतील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील.

१९५७ मध्ये तिकडची एक मोठी वितरण कंपनी बंद पडली आणि पुढे मार्व्हल या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रकाशनाला प्रतिस्पर्धी डीसीच्या मालकीच्या वितरकाकडे जावे लागले. त्या वितरकाने महिन्याला आठच्या आसपास अंकांची मर्यादा घातली. नायक वाढत होते आणि जागा मोजकीच होती, म्हणून एका अंकात दोन नायक बसवले गेले. 'टेल्स ऑफ सस्पेन्स'मध्ये आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका, 'स्ट्रेंज टेल्स'मध्ये डॉक्टर स्ट्रेंज आणि निक फ्युरी असा संसार चालला. एकासाठी अंक घेणाऱ्याला दुसरा आपोआप वाचायला मिळे. १९६८ मध्ये मर्यादा सैल झाली तेव्हा या नायकांना स्वतंत्र अंक मिळाले आणि तोवर प्रत्येकाचा वाचक तयार झालेला होता. याच्या उलट, सप्टेंबर २०११ मध्ये डीसीने जुने क्रमांक पुसून एकदम ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'सारखी १९३८ पासूनची मालिकासुद्धा ९०४ वरून १ वर आणली. त्या ५२ पैकी सहा मालिका आठव्या अंकातच बंद झाल्या, आणि २०१६ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा जुना क्रमांक ९५७ पासून परत आणावा लागला.

यावरून माझी सूचना अशी, की तीन ओळी किंवा चार ओळी काय करायच्या त्या करा, परंतु प्रत्येक ओळीचे मासिक एकच असावे. पाने ६४, म्हणजे जुन्या विशेषांकाएवढी. त्यांतील ३२ पाने ठरलेल्या मोठ्या नायकाची आणि ३२ पाने आलटून पालटून दुसऱ्याची. नागराजाच्या पाठीवर बसून अँथनी वाचकापर्यंत जाईल. अँथनीचे स्वतंत्र पुस्तक आज कोण किती घेईल हे सांगणे कठीण आहे. एक मेलेला माणूस न्यायासाठी थडग्यातून उठतो आणि त्याच्यासोबत एक कावळा असतो, ही कल्पना मला आजही त्या साऱ्या प्रकाशनातली सर्वांत देखणी वाटते. (या मतासाठी मला संग्राहकांच्या बैठकीत नेहमी एकटे पडावे लागते.)

आणि कृपा करून शून्यापासून नवा नागराज करू नये. प्रोफेसर नागमणीने विकायला काढलेले जिवंत शस्त्र, गोरखनाथांनी त्याची केलेली सुटका आणि मग दहशतवादाविरुद्धचा त्याचा प्रवास, हा आरंभ इतका भक्कम आहे, की तो पुन्हा सांगावा, पण बदलू नये. वेगळा प्रयोग करायचाच असेल तर तो मुख्य कथाप्रवाहाबाहेर करता येतो. भविष्यकाळात घडणारी, रामायणाच्या बांधणीवरची 'नागायण' तशीच केलेली होती आणि तिने मूळ नागराजाला धक्का लावला नाही.

लातूर जिल्ह्यातील ग्रंथालय कार्यकर्ता

मराठी आवृत्तीविषयी तेवढे लिहितो, कारण माझा संबंध गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी आहे. आपण सर्वजण विकत घेणाऱ्या वाचकाचा विचार करीत आहात. आमच्याकडे येणारा मुलगा विकत घेणारा नाही. पुस्तके मिळण्याची त्याची जागा बालविभागाचे कपाट हीच आहे. शासनमान्य ग्रंथालय 'ड' वर्गाचे असो वा 'अ' वर्गाचे, तेथे ३२ पानांची पिना मारलेली पुस्तिका टिकत नाही. चार मुलांच्या हातून गेली की मधली पाने सुटतात, आणि मग नोंदवहीत ती पुस्तिका असते व कपाटात नसते. मराठी आवृत्ती काढायची असेल तर पाच-सहा पूर्ण कथांचा एक बांधीव खंड काढावा, त्याच्या कण्यावर नायकाचे नाव आणि मोठा क्रमांक छापावा. परभणीकरांनी विचारलेल्या 'कोठून सुरुवात करावी' या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या क्रमांकातच मिळेल.

मात्र पहिला नायक डोगा असावा, हे मला मुळीच मान्य नाही. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात सापडलेले मूल, त्याला चंबळमध्ये वाढवणारा डाकू हलकान सिंह, मुंबईतील लायन जिम, अदरक चाचा आणि त्यांचे भाऊ हे सारे मलाही प्रिय आहे. परंतु डोगा समस्या सोडवत नाही, ती मुळापासून उखडून टाकतो, आणि उखडताना जे रक्त सांडते ते पानावर दिसते. बालविभागात ते पुस्तक ठेवले, तर पहिला पालक दुसऱ्याच दिवशी कार्यवाहांसमोर उभा राहील आणि त्यानंतर कपाटात कोणतेच कॉमिक्स येणार नाही. पहिला खंड ध्रुवाचा हवा. शक्तीऐवजी बुद्धीवर चालणारा, सर्कशीनंतर पोलीस आयुक्त राजन मेहरांच्या घरात वाढलेला, बहीण श्वेताशी भांडणारा मुलगा पालकांनाही पटतो. दुसरा बांकेलाल. राजाचे वाईट करायला जाणारा आणि प्रत्येक वेळी त्याचे भलेच करून बसणारा नायक ज्यांना आवडणार नाही, अशी मुले मी अजून पाहिलेली नाहीत. डोगाचा खंड प्रौढ विभागात आनंदाने ठेवू.

परभणीचा वाचक

परमाणूविषयीचा जालनेकरांचा आक्षेप बिनतोड आहे आणि चौथी, विज्ञानाची ओळ करणे मला मान्य आहे. मात्र ध्रुवाला तिच्यात बांधून ठेवण्यास मी अजूनही तयार नाही. विज्ञान हे त्याचे हत्यार आहे, त्याचे जग नव्हे. त्याच्याच कथांमध्ये परग्रहवासी, जादू आणि साधे खिसेकापू सुखाने नांदत आले आहेत. ६४ पानांच्या जोडअंकांची कल्पना घेतली तर दोघा-दोघांच्या भेटीही त्याच अंकात करता येतील, म्हणजे दोन कथा एका महिन्यात मधल्या पानांवर येऊन मिळतील. मराठीत ध्रुव आधी यावा, हेही पटले. डोगाचा आग्रह माझ्या आवडीतून आलेला होता.

छत्रपती संभाजीनगरहून

एक व्यावहारिक प्रश्न या आराखड्यात कोठेच आलेला नाही. आज राज कॉमिक्सची पुस्तके संस्थापक कुटुंबातील तीन भावांच्या वेगवेगळ्या नावांखाली निघतात आणि एकच नायक एकाहून अधिक ठिकाणी छापला जातो. अशा स्थितीत अमुक महिन्यात नागराज कोणत्या मासिकात येईल, हे ठरवणारा संपादक कोणाचा असेल? नव्या कथांच्या ओळी आखण्यापूर्वी, प्रकाशित झालेल्या सर्व कथांचा एक समान वाचनक्रम तिघांनी मान्य करावा आणि प्रत्येक पुनर्मुद्रणाच्या पहिल्या पानावर तो छापावा, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. त्याला नवा चित्रकार लागत नाही, नवी कथा लागत नाही आणि कोणाचा हक्कही दुसऱ्याकडे जात नाही. असा क्रम आपल्यापैकी कोणी नागराजापुरता तरी लिहून ठेवला असेल, तर तो येथे द्यावा. ध्रुवाच्या सुरुवातीच्या पुस्तकांचा क्रम मी या आठवड्यात टाकतो.