सहवीजनिर्मितीच्या उत्पन्नात ऊस उत्पादकाचा वाटा किती?

शिवारकर
आमच्या सहकारी साखर कारखान्याचा सहवीजनिर्मिती प्रकल्प सुरू होऊन बरीच वर्षे झाली. महावितरणला किती युनिट वीज विकली, हा आकडा वार्षिक अहवालात दरवर्षी ठळकपणे छापला जातो. उसाचे बिल मात्र एफआरपीच्या (केंद्राने ठरवलेल्या किमान रास्त दराच्या) पुढे सरकत नाही. ज्या बगॅसवर (रस काढून उरलेल्या चोथ्यावर) ही वीज तयार होते तो आमच्याच उसाचा असेल, तर या उत्पन्नात उत्पादकाला वाटा देणारी काही कायदेशीर तरतूद आहे का?

बाष्पक
तरतुदीबद्दल जाणकार सांगतीलच. मी बॉयलरच्या बाजूने लिहितो. एक टन उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतो आणि त्यात जवळपास निम्मे पाणी असते. तरीही तो परवडतो, कारण त्याची तोडणी आणि वाहतूक उसाच्या खर्चात आधीच झालेली असते. याउलट पंजाबात भाताचा पेंढा इंधन म्हणून वापरायचा, तर भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमधल्या जेमतेम दोन-तीन आठवड्यांत बेलर (गठ्ठे बांधणारे यंत्र), ट्रॅक्टर, मजूर आणि साठवणुकीची जागा हे सारे उभे करावे लागते. पूर्वी आपल्याकडे 21 किंवा 32 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाचे बॉयलर असत आणि बगॅस कसाबसा जाळून संपवणे हाच हेतू असे. 67, 87 आणि 110 किलो दाबाचे बॉयलर आल्यावर त्याच बगॅसमधून कारखान्याची गरज भागून विकण्याजोगी वीज उरू लागली. अर्थात ही यंत्रणा कर्जातून उभी राहते, त्यामुळे सुरुवातीची वर्षे विजेचा पैसा हप्त्यांतच जातो.

जमाखर्च
तरतूद आहे, पण मेख तिच्या शब्दांत आहे. राज्याने 2013 मध्ये ऊस दर विनियमनाचा कायदा केला आणि त्यात केंद्राने साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीच्या सूत्राचा आधार घेतला. साखर आणि बगॅस, मोलॅसिस (मळी), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) हे प्राथमिक उपपदार्थ यांच्या मूल्याचा 70 टक्के वाटा उत्पादकाचा धरला जातो, आणि ही रक्कम एफआरपीपेक्षा अधिक भरल्यास फरक द्यावा लागतो. म्हणजे सूत्रात बगॅसची किंमत येते, विजेची नव्हे. कारखाना स्वतःचाच बगॅस स्वतःच्याच प्रकल्पाला देत असल्याने तो कोणत्या दराने दाखवला, यावर सगळे ठरते. दर कमी धरला की नफा वीज विभागात राहतो आणि उसाच्या हिशेबात उतरत नाही. आपण सभासद असाल तर सभेत युनिटचा आकडा न विचारता बगॅसचा दर, शिल्लक साठा आणि बाहेर विकलेल्या बगॅसचा भाव विचारावा. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की तफावत लगेच दिसते.

शिवारकर
आभार. हे प्रश्न लेखी देतो. मग शेतातले पाचटही (उसाची वाळलेली पाने) गोळा करून जाळले, तर हंगामानंतर प्रकल्प बंद राहणार नाही आणि उत्पन्न वाढेल, असे संचालक म्हणतात. ते योग्य आहे का?

बाष्पक
माझे मत प्रतिकूल आहे. पाचटात पोटॅश आणि क्लोरीन अधिक असल्याने बॉयलरच्या नळ्यांवर राखेचा थर बसतो व नळ्या झिजतात. शिवाय बगॅसला लागू नसलेला गोळा करण्याचा खर्च इथे पूर्ण लागू होतो, आणि नव्या वीज खरेदीचे दर आता जुन्या करारांइतके राहिलेले नाहीत. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) कुजवलेले पाचट रासायनिक खताचा आणि पाण्याचा खर्च वाचवते, आणि ती बचत उत्पादकाच्याच पदरी पडते; तिच्यासाठी कोणाकडे विवरणपत्र मागावे लागत नाही.