मदत हवी आहे: डिंकाचे लाडू फसलेत, शनिवारी पहाटे निघायचंय, दिल्लीत धुकं

चिंचपान
लोकहो, पटकन सांगा. शनिवारी पहाटे निघतोय, नाताळ शिमल्याला. दिल्लीत उतरून लगेच सकाळची कालका शताब्दी आणि पुढे कालक्याहून शिमल्याची टॉय ट्रेन, ती डोंगरातली छोटी गाडी. आता जो तो म्हणतोय की धुक्यात गाडी लेट होणारच. तिकिटं ठेवू की रद्द करू? दुसरं, डिंकाचे लाडू केलेत ते फसलेत. दाताखाली खडे येतात आणि चिकटून बसतात, सासऱ्यांची कवळी निघाली. लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही. बॅगा भरायच्यात अजून.

हेमगर्भ
निघताय कुठून? कुठली गाडी? किती जण? डिंक कुठला वापरला? ज्योतिषीसुद्धा जन्मवेळ विचारतो हो.

चिंचपान
पुण्याहून, अजून कुठून! गोवा एक्सप्रेस. पाच जण. डिंक म्हणजे डिंक, त्यात कुठला काय?

रुळावरचा
गोवा एक्सप्रेस निजामुद्दीन स्टेशनला उतरवते आणि कालका शताब्दी दुसऱ्याच स्टेशनहून, नवी दिल्लीहून सकाळी ७.४० ला सुटते. म्हणजे गाडी वेळेवर आली तरी सामान, म्हातारी माणसं, रिक्षा यातच जीव मेटाकुटीला येणार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ही जोडणी मी तरी धरणार नाही.

भोपाळपर्यंत काही वाटणार नाही. ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा या पट्ट्यात खरी गंमत. रात्र मोठी, वारा पडलेला, आभाळ निरभ्र आणि गव्हाला पाणी दिलेली ओली शेतं. पहाटे जमिनीलगतची हवा निवते आणि धुकं बसतं ते सूर्य वर आला तरी उठत नाही. इंजिनात फॉग सेफ डिव्हाइस असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते चालकाला सांगतं, पण तरी वेग ताशी ७५ च्या आत ठेवायचा. एक गाडी रेंगाळली की मागच्या सगळ्या तिच्या शेपटीला. एका जानेवारीत मी आग्र्याच्या अलीकडे अर्धा दिवस काढलाय. डब्यात चहासुद्धा संपला होता.

ढगातला_माणूस
सरळ विमानाने चंदीगड गाठा. पुण्याहून जाता येतं. दोन दिवस रेल्वेत घालवण्यात काय हशील?

रुळावरचा
आणि चंदीगडला धुकं नसतं? तिथली विमानंसुद्धा दिल्लीला नाहीतर आणखी कुठेतरी वळवतात. शिवाय पाच जणांचं नाताळातलं भाडं काढून बघा आधी.

ढगातला_माणूस
दुपारचं विमान घ्यायचं. दुपारी धुकं विरतं. साधी गोष्ट आहे.

चिंचपान
विमान नको म्हटलंय का मी? सासूबाईंना नको आहे. विषय संपला.

पोर्ट_रशीद
ताई, लाडवांत खसखस घातलीय का? असेल तर दुबईला अजिबात नेऊ नका. युएईत खसखशीवर बंदी आहे, कस्टमवाले पकडतात. सौदी आणि सिंगापूरलाही तेच.

चिंचपान
शिमला!! दुबई कुठून आली यात?

पोर्ट_रशीद
माहिती असावी म्हणून सांगितलं. बरेच जण धागे वाचतात.

खलबत्ता
लाडवांकडे कोणी बघणार आहे की नाही? चिंचपान, डिंक दिसायला कसा होता? तांबूस-पिवळसर, काचेसारखे गोल खडे, की पांढरट चपटे, वाकडेतिकडे पापुद्रे?

चिंचपान
पांढरट, चपटे. दुकानदाराने डिंक म्हणूनच दिला. तुपात टाकला तर फुललाच नाही, नुसता करपला. म्हटलं नंतर मऊ पडेल.

खलबत्ता
मग तो कतीरा. सरबतात, फालुद्यात घालतात तो. रात्रभर पाण्यात ठेवला की चिमूटभराचा वाडगाभर होतो, पण तुपात हूं की चूं करत नाही. लाडवाला बाभळीचा नाहीतर धावड्याचा डिंक लागतो. तो आधी उन्हात दोन तास ठेवायचा, मोठे खडे बत्त्याने हरभऱ्याएवढे करायचे आणि तूप मध्यम तापलं की चमचा-चमचा टाकायचा. तडतडून पांढरा फुलतो. एक दाणा काढून बोटांनी दाबायचा, आत काचेसारखं काही लागलं तर अजून कच्चा आहे.

आता जे केलेत ते सासऱ्यांना देऊ नकोस. कतीरा कोरडाच पोटात गेला तर तिथे फुगत बसणार, वर दाताला त्रास वेगळाच.

जायफळ
मध्यम तूप कशाला? कडकडीत हवं. माझी आई कडकडीतच तळायची, कधी बिघडला नाही.

खलबत्ता
कडकडीत तुपात वरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. तोच मग दातात बसतो.

जायफळ
पन्नास वर्षांची परंपरा आहे आमच्याकडे.

खलबत्ता
असेल. दातांचा डॉक्टरही घरचाच असेल.

हेमगर्भ
ती शनिवारी निघतेय हो. असलेल्या लाडवांचं काय करायचं ते सांगा.

खलबत्ता
हे: लाडू फोडायचे, मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळायचे, वर राहिलेले कतीऱ्याचे खडे टाकून द्यायचे. खारीक पूड, खोबरं, खसखस, गूळ हे सगळं खाली पडेल. नवा डिंक तळून हाताने चुरडायचा, त्यात मिसळायचा. मिश्रण कढईत अगदी मंद आचेवर गूळ जेमतेम सैल होईस्तोवर गरम करून लगेच वळायचे. कोरडं वाटलं तर चमचाभर तूप. पाक पुन्हा करू नकोस, दगड होतील.

दगडी_चाळ
दगड तसेही होणारच. शिमल्याच्या थंडीत साजूक तूप असं गोठतं की लाडू दाराला लावून दार उघडं ठेवता येतं. खायच्या आधी डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा.

गोठ्यातला_तारा
डिसेंबरात एवढ्या लांब कशाला जाता म्हणतो मी! वसईला या. गावोगाव नाताळचे गोठे म्हणजे येशूजन्माचे देखावे, घरांवर चांदण्या, आणि प्रत्येक घरी नेवऱ्या (करंज्या हो) आणि कलकल. कलकल करायला आमच्याकडे अख्खं घर बसतं. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी वळते. मुलं वळतात कमी, कच्चं पीठ खातात जास्त. थंडीही बेताची, स्वेटर नुसता दाखवायला.

चिंचपान
पुढच्या वर्षी नक्की. आत्ता तिकिटांचं बोला.

रुळावरचा
दोन्ही गाड्यांची तिकिटं एकाच आयडीवरून काढलीत का? पीएनआर एकमेकांना जोडता येतात, २०१९ च्या एप्रिलपासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्द-शुल्क न कापता परत मिळतात. अट अशी की दोन्हींवर तेच प्रवासी हवेत.

चिंचपान
शताब्दीवर चौघंच आहोत. सासूबाईंचं तिकीट वेगळं काढलंय, जागा नव्हती. आणि त्या टॉय ट्रेनला नाहीत.

रुळावरचा
मग त्या कुठे आहेत??

चिंचपान
त्या चंदीगडला उतरणार. पंचकुल्याला ह्यांची आत्या राहते ना, तिच्याकडे राहणार त्या. लाडू तिच्यासाठीच आहेत.

हेमगर्भ
आत्या. पंचकुल्याला. आत्ता सांगतेस.

रुळावरचा
अहो ताई! चंदीगड स्टेशन पंचकुल्याला लागूनच आहे आणि तिथून कालका जवळ. सगळेच आत्यांकडे राहा की. सकाळची शताब्दी रद्द करून त्याच दिवसाची संध्याकाळची घ्या, ती नवी दिल्लीहून ५.१५ ला सुटते. गाडी सात-आठ तास लेट झाली तरी मिळेल. चंदीगडला उतरा, आत्यांकडे जेवा, झोपा, टॉय ट्रेन दुसऱ्या दिवशी. घाईघाईत बसण्यासारखी ती गाडी नव्हेच. ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, बडोगचा एकटाच १,१४३ मीटरचा. कालका साडेसहाशे मीटरवर आणि शिमला दोन हजारांच्या वर, चढत चढत पाच तास जातात.

ढगातला_माणूस
बडोगच्या बोगद्यात त्या इंग्रज इंजिनिअरचं भूत आहे म्हणतात.

रुळावरचा
म्हणतात. मला तिथे फक्त कटलेट भेटलं.

चिंचपान
आत्यांकडे पाच जण म्हणजे त्यांना त्रास. ह्यांना विचारते. टॉय ट्रेनचं दुसऱ्या दिवसाचं मिळेल का?

रुळावरचा
साठ दिवस आधी बुकिंग उघडतं, नाताळात आता वेटिंगच दिसणार. आदल्या दिवशी तत्काळ बघा, एसी नसलेल्या डब्यांचं ११ ला उघडतं. नाहीच मिळालं तर पंचकुल्याहून टॅक्सी. सोलनमार्गे रस्ता चांगला आहे, पण सासरे असतील तर वळणांची गोळी आधीच द्या.

दगडी_चाळ
आणि बर्फाच्या आशेने जात असाल तर सांगतो, नाताळात शिमल्यात बर्फ मिळेलच असं नाही. २०१६ ला २५ डिसेंबरलाच पडला होता, पण खात्रीचे महिने जानेवारी-फेब्रुवारी. रिजवर, म्हणजे तिथल्या मोकळ्या चौकात, ऊन खात चर्च बघायचं, मनाची तयारी एवढीच ठेवा. कुफ्री, नारकंडा वर आहेत, तिथे शक्यता जास्त.

चिंचपान
मुलांना बर्फाचं वचन दिलंय. बघू. आत्या हो म्हणाल्या, उलट आधी का नाही विचारलंत म्हणून ह्यांना झापलं. संध्याकाळच्या शताब्दीची पाच तिकिटं मिळाली, एक लांबच्या डब्यात. टॉय ट्रेन वेटिंग २१, तत्काळला बसते. लाडू चाळायला घेतलेत, खडे ओंजळभर निघाले. धावड्याचा डिंक तुळशीबागेकडे कुठल्या गल्लीत मिळेल? दुकानाचं नाव नको, गल्ली सांगा.

जायफळ
मंडईच्या मागे, सुकामेव्यावाल्यांची ओळ. पण तूप कडकडीतच तापव.

खलबत्ता
मध्यम.