सल्ला हवा: बर्मी पियानो (संदया) ऐकायला लागलोय, पुढे काय ऐकू?

योगेश्वरीचा_पेटीवाला (अंबाजोगाई)

मंडळी, रामराम. भजनी मंडळात पेटी वाजवतो, सप्त्यांना साथीला जातो. आमच्या तबलजीनं मागे एक व्हिडिओ पाठवला. ब्रह्मदेशातला एक वयस्कर वादक साध्या उभ्या पियानोवर बसलेला. तेव्हापासून दुसरं काही ऐकावंसंच वाटंना.

पियानो म्हणलं की मला सिनेमातला पियानो माहीत. डाव्या हातानं कॉर्ड धरायचे, उजव्यानं चाल. इथं तसलं काहीच नाही. दोन्ही हात एकाच चालीच्या मागं. डावा एक सूर टाकतो, उजवा तोच वरच्या सप्तकात उचलतो, मग दोघं थबकतात, आणि ओळ संपता संपता सुरांचा एकदम लोंढा. मागं बारीक झांज टिंग करते, मग लाकडाचा ठक. लय मोकळी वाटते, पण त्या ठकवर बरोबर येऊन बसतात.

त्या लोकांत याला 'संदया' म्हणतात एवढं कळलं. कुणाकुणाचं ऐकावं, नुसतं वादन आधी ऐकावं का गाण्याबरोबरचं, आणि यातलं काही पेटीवर उतरेल का? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

---

कानसेन (परभणी)

फार चांगला धागा. मी हे बरीच वर्षं ऐकतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

दोन नावं आधी लिहून घ्या. ऊ को को आणि ऊ यी न्वे. ('ऊ' म्हणजे आपल्याकडचं 'राव' किंवा 'काका' समजा, शोधताना तेही टाका.) ऊ यी न्वे यांची 'संदया: द स्पेलबाइंडिंग पियानो ऑफ बर्मा' ही सीडी शनाकी कंपनीनं १९९८ मध्ये काढली. सुरुवात तिथूनच करा. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतं. त्याच कंपनीचा आदल्या वर्षीचा 'व्हाइट एलिफंट्स अँड गोल्डन डक्स' हा संग्रह आहे. त्यात बर्मी वाद्यांचा सगळा गोतावळा भेटतो. ऊ को को (१९२८–२००७) हे तिथले फार मोठे वादक आणि संगीतकार, 'गीता लुलिन' या बिरुदानं ओळखले जात. त्यांच्या पियानोची एक सीडी कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढली होती. जुन्या सीडी विकणाऱ्यांकडे आणि डिस्कॉग्जवर (जुन्या रेकॉर्ड-सीडींची वेबसाइट) चौकशी करा.

शोधण्याची एक युक्ती. रोमन लिपीत टाकून फार काही हाती लागत नाही, कारण स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. विकिपीडियावरून बर्मी लिपीतला 'संदया' शब्द उचला आणि तोच यूट्यूबवर चिकटवा. खजिना उघडतो. तिकडे कित्येक वादकांच्या नावाआधीच वाद्य लावतात, संदया ल्हा टुट, संदया चिट स्वे असं. त्यामुळे वादकांची नावंही आपोआप सापडत जातात.

आता तुम्ही म्हणता तो दोन हातांचा प्रकार. पियानो तिथं पोचला एकोणिसाव्या शतकात. मिंडॉन राजाला (कारकीर्द १८५३–१८७८) इटलीच्या वकिलानं तो भेट दिला असं परंपरेनं सांगतात. दरबारातल्या वादकांपुढे हा पियानो आला तेव्हा त्यांच्या हातात आधीच दोन वाद्यं होती. पत्तला, म्हणजे बांबूच्या २४ पट्ट्यांचं वाद्य, दोन काठ्यांनी वाजवायचं. आणि पत्त वाइंग, म्हणजे वादकाभोवती गोल मांडलेले २१ सुरात मिळवलेले ढोल. दोन्हीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) नाही, आघात केला की सूर विरायला लागतो. त्यामुळे सूर जिता ठेवायची त्यांची रीत ठरलेली होती: सप्तक बदलून तोच सूर पुन्हा मारायचा, दोन हातांत चाल वाटून घ्यायची, मोकळी जागा बारीक सुरांनी भरायची. सुरुवातीचे वादक पियानोही पत्तलासारखाच, दोन हातांच्या एकेका बोटानं वाजवत. तुम्हाला जो लोंढा ऐकू येतो तो मुळात ढोलांवरचा आहे.

म्हणून ऐकताना डाव्या हाताला साथीदार समजू नका. दोन्ही हात मिळून एकच गळा आहे असं धरून ऐका. हे एकदा कानात बसलं की सगळं उलगडतं.

सुरांबद्दल थोडं. बर्मी सुरावटीत गंधार आणि निषाद आपल्या शुद्ध-कोमलच्या मधे कुठेतरी बसतात, मध्यम किंचित चढा. पूर्वी पियानोही त्या सुरांना मिळवून घेत. अशा मुद्रणाला 'बेसूर' म्हणून बंद करू नका, उलट तेच आधी ऐका.

---

मांजराकाठ (लातूर)

वर मिंडॉन राजाचं नाव आलं म्हणून लिहितो. त्याचाच मुलगा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथंच वारला. थिबा पॅलेस आपण सहलीला जाऊन बघतो, पण ज्या दरबारात ही संदया रुजली त्याच दरबाराचा तो शेवटचा राजा, हे कुणी सांगत नाही. आणि टिळकांनी गीतारहस्य लिहिलं ते मंडालेच्याच तुरुंगात. मराठी माणसाला हे गाव इतकं ओळखीचं आणि तिथलं संगीत इतकं अनोळखी, याची मला खरंच खंत वाटते.

आणखी एक. तिकडे मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्यासमोर बसून पियानो वाजवत, तिथून तो सामान्य लोकांपर्यंत गेला. आपल्याकडे त्याच जागी पेटी-तबला बसायचा.

---

जालनेकर

कानसेन यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. सुरुवात एकल वादनानं करू नये. आधी गाण्याबरोबरचं ऐका. बर्मी अभिजात गाण्यांचा मोठा साठा आहे, 'महागीता' म्हणतात. संदयावर वाजतात ती बहुतेक हीच गाणी. मूळ गाणं कानात नसेल तर वादक कुठं चाल सांगतोय आणि कुठं नुसती जागा भरतोय हे कळणार कसं? नाट्यपद माहीत नसलेल्या माणसाला पेटीवरचं नाट्यपद ऐकवल्यासारखं होतं ते.

बाईचा गळा, संदया, आणि ती झांज-चिपळी एवढंच असलेलं मुद्रण शोधा. झांजेला 'सी' म्हणतात, लाकडी ठोक्याला 'वा'. वजन 'वा'वर असतं. पहिल्यांदा सूर सोडा, नुसता 'वा' हातावर धरा, आपण टाळी धरतो तसा. गायिका त्याच्या मागेपुढे किती मोकळी फिरते ते बघा. त्यातली 'योदया' नावाची गाणी जरूर ऐका. १७६७ मध्ये बर्मी सैन्यानं सयामची (आजच्या थायलंडची) राजधानी अयुथया जिंकली, तिथून आलेल्या कलावंतांच्या चालींवरून ती घडली. चाली संथ आणि गोड आहेत, आपल्या कानाला लवकर जवळ येतात.

आणि याच्या शेजारी पेटीवादक आप्पा जळगावकर ठेवा. आमच्या जालना भागातले, १९२२ चा जन्म. परक्या देशातून आलेल्या पट्ट्यांच्या वाद्याला गळ्यामागं कसं चालवायचं, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती मींड नाही, श्रुती (सुरांच्या मधल्या बारीक जागा) नाहीत म्हणूनच, आणि ती थोडीफार उठायला १९७१ उजाडलं. बर्मी लोकांनी आघातानं वाट काढली, आपल्या लोकांनी भात्यानं. दोन्ही ऐका.

---

योगेश्वरीचा_पेटीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. जालनेकर म्हणतात तसं आधी गाण्याबरोबरचं ऐकायलो. 'वा' धरायचा उपाय लागू पडला. एका मुद्रणात बाई ओळ सोडून गप्प होते, 'वा' अजून यायचाय, आणि तेवढ्या फटीत संदयावाला खालून वर चढत जातो आणि ठोक्याच्या अंगावर शेवटचा सूर ठेवतो. माळेगावच्या यात्रेत बारीवरचे पेटीवाले लावणीच्या दोन ओळींमधली जागा अशीच भरतात. वाद्य, गाणं, देश सगळं वेगळं, पण गाणाऱ्याला श्वास घेऊ द्यायची समज तीच.

आता पेटीवर वाजवायचं म्हणलं तर अडचण ही की माझा एक हात भात्यावर. खालच्या सप्तकातला सूर आणि वरचा, एकाच हातानं पोचतच नाही. काय करावं?

---

गोदाकाठ (नांदेड)

पायपेटी शोधा. पायानं भाता चालला की दोन्ही हात मोकळे. जुन्या नाटक मंडळ्यांच्या, कीर्तनकारांच्या घरी, देवळांत अजून पडून असतात. भात्याचं चामडं तडकलेलं असतं आणि सुरांवर धूळ असते, पण पेटी दुरुस्त करणारा चांगला कारागीर ती चालती करतो. विकत घ्यायच्या आधी पायटा दाबून सगळे सूर एकेक करून वाजवून बघा आणि सोडल्यावर भाता किती वेळ हवा धरतो ते बघा.

तोपर्यंत मंडळातल्या कुणाला तरी भाता हलवायला बसवा. दोन्ही हातांचं एकेकच बोट वापरा, चाल तुमच्या पाठातल्या एखाद्या गौळणीची घ्या. पेटीचा सूर आपोआप विरत नाही, म्हणून पट्टी दाबून ठेवू नका. टोचून लगेच सोडा. लय आधी अगदी संथ ठेवा.

---

कानसेन (परभणी)

गोदाकाठ यांना अनुमोदन. आणि जमलं की मुद्रण इथं टाका, गौळणीचंच टाका. मी ऊ यी न्वे यांच्या सीडीतला कुठला तुकडा त्याच्या शेजारी ठेवून ऐकायचा ते काढून ठेवतो.