पत्त्यावरचा शिक्का
माणसे आज केवळ गरिबीमुळे समाजाबाहेर राहतात, हे मत मला अर्धेच पटते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी द्यायला लावत; तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, पण वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव तसेच राहिले. माझ्याकडे शिकलेल्या एका पदवीधर मुलीला मुलाखतीत पत्ता वाचताच “सेटलमेंटमध्ये राहता का?” असे विचारले गेले आणि पुढचे प्रश्न आटोपते घेतले गेले. नंतरच्या अर्जावर तिने मावशीचा पत्ता लिहिला, तेव्हा तिचे एरवी ठसठशीत असणारे अक्षर किती बारीक झाले होते, हे मी शेजारी बसून पाहिले. तिच्या घरात दोन पगार येतात.