हॉलच्या पार्टिशनला फ्लूटेड काच लावावी का? रात्री आरपार दिसतं का?

सिंहगडरोडवाली
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा टूबीएचके आहे, सासूबाई आता गावाहून कायमच्या आमच्याकडे राहायला येतायत, वय ७८, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. दोन्ही बेडरूम भरलेल्या, त्यात थोरलीची दहावी, म्हणून हॉलमधला डायनिंगचा कोपरा बंद करून तिथे त्यांना छोटी खोली काढायचं चाललंय. लोचा असा की हॉलची मोठी खिडकी नेमकी त्याच कोपऱ्यात आहे, भिंत घातली तर बाकीच्या हॉलमध्ये दिवसाढवळ्या लाइट लावून बसावं लागेल. इंटिरियरवाला म्हणतो खाली ३ फूट प्लाय आणि वर फ्लूटेड ग्लास, म्हणजे त्या उभ्या उभ्या पट्ट्यांची असते ना ती, हल्ली सगळीकडे दिसते. फोटोत फारच सुंदर दिसते यात वादच नाही. पण सासूबाई नऊवारी नेसतात, त्यांना नेसायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे येणंजाणं भरपूर. तो म्हणतो "काही दिसत नाही मॅडम", पण त्याच्या ऑफिसातल्या काचेमागे तर मला प्रिंटरसुद्धा ओळखू आला. कोणी घरात लावलीय का? आणि बाथरूमची खिडकी समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीकडे आहे, तिथे कुठली काच चांगली?

डोंबिवली_फास्ट
पडदा लावा. विषय संपला.

सिंहगडरोडवाली
@डोंबिवली_फास्ट पडदाच लावायचा तर काचेवर खर्च कशाला करू दादा 😄 आणि पडद्यातून टीव्हीचा आवाज थेट आत.

मिरजेचा_मिलिंद
आमच्याकडे किचन आणि हॉलच्या मध्ये आहे फ्लूटेड, दोनेक वर्षं झाली. खरं सांगायचं तर ती लपवत नाही, फक्त विस्कटते. त्या उभ्या खाचा प्रकाश आडवा फाकवतात, त्यामुळे माणूस काचेपासून लांब असला की नुसते रंगाचे पट्टे दिसतात, पण काचेला चिकटून उभा राहिला की कोण आहे, हातात काय आहे, सगळं कळतं. तुम्हाला प्रिंटर दिसला तो काचेला लागूनच ठेवला असणार. म्हणजे कपाट, आरसा, कपडे बदलायची जागा पार खिडकीच्या बाजूला असेल तर दिवसा चालून जाईल.

पण खरी परीक्षा रात्री असते. हॉलमधला लाइट बंद आणि आतला चालू, की बाहेर सोफ्यावर बसलेल्याला आतलं बरंच कळतं. दुकानात सगळीकडे सारखा झगझगाट असतो त्यामुळे तिथे हे लक्षातच येत नाही. सॅम्पलचा तुकडा घरी आणा, संध्याकाळी सातनंतर एकाला आत उभं करा आणि स्वतः बाहेर अंधारात बसून बघा. इंटिरियरवाल्याला पण बसवा सोबत.

काचवाले_काका
आमचं काचेचं दुकान आहे, नाव गाव टाकत नाही नाहीतर लोक म्हणतील जाहिरात करतोय. मिलिंद यांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो.

डिझाइनची काच म्हणजे वितळलेली काच दोन रोलरमधून काढतात, एका रोलरवर नक्षी कोरलेली असते, म्हणून बहुतेक मालाला एक बाजू गुळगुळीत आणि एक बाजू खडबडीत येते. बजरी, पिनहेड, फ्लोरा, नाशिजी हा सगळा त्यातलाच प्रकार. जुन्या बिल्डिंगांच्या संडास बाथरूमला जी दाणेदार काच बघत आपण मोठे झालो ती हीच. तिला आता कोणी विचारत नाही, पण आडोसा म्हणून फ्लूटेडपेक्षा ती किती तरी सरस, कारण दाणा प्रकाश सगळ्या दिशांनी फोडतो, फ्लूट फक्त आडवा फोडतो. फॅशनचं काय, ती येते जाते.

ताई, तुमच्या घरात वॉकर आहे म्हणजे काच टफनच (भट्टीत तापवून मजबूत केलेली) पाहिजे, साधी लावूच नका. तोल गेला, हात आपटला तर साधी काच सुऱ्यासारखी तुटते, टफन फुटली तर बारीक बारीक खडे होतात. पण टफन केल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, पाव इंच जास्त झाली तर ती गेलीच. म्हणून आधी प्लायची फ्रेम पूर्ण उभी करून घ्या, मग काचवाल्याला माप घ्यायला बोलवा, ड्रॉइंगवरून ऑर्डर देऊ नका. प्रत्येक पल्ल्याच्या कोपऱ्यात टफनचा छोटा शिक्का असतो तो बघितल्याशिवाय बसवू देऊ नका. आणि सगळ्याच डिझाइनच्या काचा टफन होत नाहीत, फार खोल नक्षी असली की काही ठिकाणी जाडी कमी पडते, ते आधी विचारा.

वजनाचा पण विचार करा. काचेचं वजन दर एमएमला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे ३ बाय साडेपाच फुटांची एक काच ८ एमएममध्ये ३० किलोच्या वर जाते, ५ एमएममध्ये १९ किलो. फ्रेममध्ये चारही बाजूंनी पकडलेली असेल तर उगाच १० आणि १२ एमएमच्या मागे लागू नका.

दरवाजा सरकता करणार असाल तर वरून लटकणारा घ्या. खाली जमिनीवर ट्रॅक नकोच, वॉकरचा पाय त्यात अडकतो.

स्लाऊकर
इथे इंग्लंडमध्ये पिल्किंग्टन या काचेच्या कंपनीच्या डिझाइनच्या काचांना १ ते ५ असे आडोशाचे नंबर असतात, १ म्हणजे जवळजवळ सगळं दिसतं, ५ म्हणजे सगळ्यात कमी दिसतं. मी घर घेताना चार्ट बघितला होता, त्यात रीडेड म्हणजे तुमच्या फ्लूटेडचीच बहीण, तिला फक्त २ नंबर आहे! कॉट्सवोल्ड नावाची आहे तिला ५. घर वाढवताना वरच्या मजल्यावर बाजूला खिडकी काढायची तर वेगळी परवानगी लागत नाही अशा बांधकामात काच धूसर पाहिजे आणि खोलीच्या फरशीपासून १.७ मीटरच्या खालचा भाग उघडता येता कामा नये असा नियम आहे, तिथे नुसती २ नंबरची चालत नाही, निदान ३ लागतो. तेव्हा "काही दिसत नाही मॅडम" हे डोळे झाकून मानू नका.

पेण_ते_पनवेल
साधी काच लावा आणि वर फ्रॉस्टेड (धुरकट) फिल्म चिकटवा ना, एवढं कशाला. आमच्या ऑफिसात आहे, स्वस्तात मस्त.

काचवाले_काका
@पेण_ते_पनवेल फिल्म चालते, पण गुळगुळीत बाजूलाच बसते. साबणाचं पाणी मारून नीट ओढली नाही तर बुडबुडे राहतात, आणि वर्षा दोन वर्षांत कडा सुटायला लागल्या की पोरं सोलत बसतात. भाड्याच्या घराला ठीक.

सिंहगडरोडवाली
बापरे, किती माहिती दिलीत सगळ्यांनी, थँक्यू. मग पूर्ण फ्रॉस्टेडच करून टाकू का, वाळू मारलेली? सासूबाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या मला खिडकी पाहिजे, तुम्ही दिसला नाहीत तरी चालेल.

मिरजेचा_मिलिंद
😂 काकूंना नमस्कार सांगा.
फ्रॉस्टेडमध्ये चेहरा, कपडे काही कळत नाही, पण सावली कळते. माणसाच्या पाठीमागे ट्यूब असली की काचेवर अख्खी आकृती उमटते, आमच्या भावाकडे तोच सावल्यांचा खेळ चालतो रोज. त्यावर उपाय सोपा आहे, खोलीची ट्यूब खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर घेऊ नका, पार्टिशनच्याच वरच्या पट्टीवर आतल्या अंगाला लावा, म्हणजे उजेड काचेकडून माणसावर पडतो आणि सावली खिडकीकडे जाते. वायरिंग व्हायच्या आत इलेक्ट्रिशियनला सांगा, नंतर पट्टी फोडावी लागेल.

आणि सगळी एकच काच कशाला पाहिजे? ३ फुटांपर्यंत प्लाय आहेच, तिथून साडेसहा फुटांपर्यंत फ्रॉस्टेड करा, त्याच्या वर तुमची फ्लूटेड. उजेड वरूनच लांबपर्यंत आत जातो, आणि तेवढ्या उंचीवर कोण कोणाला बघतंय.

माहेरवाशीण_८२
हॉलची खिडकी त्या खोलीत जाणार म्हणजे वारापण तिकडेच जाणार हे कोणी बोललंच नाही! एकदम वरपर्यंत काच नेऊ नका, सीलिंगखाली फूटभर जागा मोकळी सोडा नाहीतर उघडणारं व्हेंटिलेटर करा, एप्रिल मे मध्ये हॉल भट्टी होईल. आवाज थोडा जाईल पण तो दरवाज्याच्या फटीतूनपण जाणारच आहे. काकूंना रात्री लवकर झोपायची सवय असेल तर टीव्हीचा उजेड काचेतून त्यांच्या डोळ्यावर येणार हाही विचार करा, म्हणजे आतून एक जाड पडदा लागणारच आहे ताई, डोंबिवलीवाल्यांचं अगदीच चुकलं नव्हतं.

डोंबिवली_फास्ट
धन्यवाद 🙏

सिंहगडरोडवाली
😄 बरं बाबा, पडदा पण. मधली फ्रॉस्टेड, वरची फ्लूटेड, त्याच्या वर फूटभर मोकळं, दरवाजा लटकता, असं आज लिहून पाठवलं त्याला. म्हणतोय डिझाइन बिघडेल. म्हटलं बिघडू दे. रविवारी सॅम्पल घेऊन येतोय, संध्याकाळीच बोलावलंय. काका, तेवढं बाथरूमचं राहिलं बघा.

काचवाले_काका
बाथरूमला वाळू मारलेली काच घेतलीत तर खडबडीत बाजूला पाणी लागू देऊ नका. तिथे पाणी बसलं की बारीक खड्डे भरतात, प्रकाश फाकायचा थांबतो आणि तेवढ्या भागातून सरळ आरपार दिसायला लागतं, नेमकं आंघोळ चालू असताना. त्यापेक्षा ४ एमएमची बजरी किंवा पिनहेड टाका, दाणा मोठा असल्याने पाण्याचा तेवढा फरक पडत नाही. गुळगुळीत बाजू आत ठेवा म्हणजे पुसता येईल, बोअरचं पाणी असेल तर दाण्यांमध्ये पांढरा क्षार बसतो आणि तो व्हिनेगरनेसुद्धा पटकन निघत नाही. आडव्या पट्ट्यांची खिडकी असेल तर पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या आहेत ना ते बघा, उलट्या बसवल्या तर पाऊस आत येतो आणि समोरच्या वरच्या मजल्याला थेट तुमचं बाथरूम दिसतं.