वस्तीतील मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी देवस्थान न्यासामार्फत मदत : सल्ला हवा

सहकारनगरकर
नमस्कार. आमच्या भजनी मंडळाने यंदा हनुमान जयंतीचा भंडारा साधेपणाने करून उरलेली वर्गणी पुण्यातील जनता वसाहत या वस्तीतील मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी देण्याचे ठरवले आहे. मंडळ नोंदणीकृत नसल्यामुळे ही रक्कम एखाद्या देवस्थानाच्या न्यासामार्फत द्यावी, असा विचार आहे. काही सभासदांना मुलांना पानशेतच्या बाजूला आठवडाभर निवासी शिबिराला न्यावेसे वाटते, तर काहींना वस्तीजवळच रोजचे शिबिर बरे वाटते. कोणता पर्याय निवडावा आणि न्यास निवडताना काय पाहावे?

मुठाकाठ
दांडेकर पूल परिसरातील अशा शिबिरांत मी अनेक उन्हाळे काम केले आहे आणि माझे मत स्पष्टपणे रोजच्या शिबिराच्या बाजूने आहे. मे महिन्यात शाळेबरोबर शाळेतला पोषण आहारही थांबतो, आईवडील कामावर जातात आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीवर येते. निवासी शिबिराला तिचा भाऊ जातो, ती घरीच राहते. रोजच्या शिबिरातही हेच घडू शकते. कडेवर वर्षादीडवर्षाचे मूल घेऊन आलेली मुलगी सभागृहाच्या दारात चप्पल काढते आणि ‘लहान मुलांना प्रवेश नाही’ हे ऐकून पुन्हा चप्पल घालते, हे मी पाहिले आहे. म्हणून न्यासाला पहिला प्रश्न हा विचारा की, धाकट्या भावंडांसाठी वेगळी खोली आणि त्यांना सांभाळणारी ताई आहे का. नसेल, तर तुमची देणगी त्याच कामासाठी द्या. चित्रकलेच्या साहित्याला देणगीदार सहज मिळतात, या खोलीला मिळत नाहीत.

शिबिराची सुरुवात प्रार्थनेने झाली तर त्यात गैर काही नाही. मात्र वस्तीत सर्व धर्मांची कुटुंबे राहतात. त्यामुळे प्रवेश अर्जावर जात-धर्माचा रकाना नसावा आणि प्रार्थना न म्हणणाऱ्या मुलाला कोणी टोकू नये. देवाच्या नावाने दिलेले अन्न विनाअट वाढले जाते, तसेच हेही असावे.

सहलीसाठी केळकर संग्रहालय किंवा कात्रजचे प्राणिसंग्रहालय पुरेसे आहे. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा.

हिशेबनीस
व्यवहाराच्या बाजूने थोडे लिहितो. न्यासाची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि ८०जी प्रमाणपत्र (म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी मान्यता), दोन्ही पाहा. ८०जी मान्यता असलेल्या न्यासाला धार्मिक कार्यावर वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही, त्यामुळे मंदिराचा न्यास आणि त्याच मंडळींचा सेवाकार्याचा न्यास वेगवेगळे असू शकतात. पावती कोणाच्या नावाने मिळते, ते तपासूनच धनादेश द्यावा. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावट कोणालाच नाही, हे सभासदांना आधीच सांगावे. रक्कम ‘उन्हाळी शिबिरासाठी’ असल्याचे पत्र सोबत जोडा आणि त्याची पोच घ्या. दानपेटीत टाकलेल्या पैशाला असा हेतू जोडता येत नाही.

सहकारनगरकर
दोघांचेही मनापासून आभार. पानशेतचा विचार आम्ही सोडत आहोत. मंडळातील एक भगिनी अनेक वर्षे बालवाडी चालवत होत्या आणि लहान मुलांची खोली सांभाळण्यास त्या आनंदाने तयार आहेत. शिबिराची वेळ दुपारी चार ते सात ठेवण्याचे एका न्यासाने सुचवले आहे. ती योग्य वाटते का?

मुठाकाठ
शक्य असल्यास सकाळी आठ ते एक ही वेळ मागून घ्या. धुणीभांड्याची कामे करणाऱ्या बहुतेक आया त्याच वेळेत बाहेर असतात आणि पत्र्याच्या घरात ऊन तापण्याआधी मुले सभागृहात येतात. शेवटी वरणभात किंवा उसळपोळी असे पोटभर जेवण द्या, बिस्किटांवर भागवू नका. आणि त्या भगिनींच्या जोडीला वस्तीतलीच एखादी आई मानधन देऊन ठेवा, म्हणजे लहान मुले अनोळखी जागी रडत बसणार नाहीत.