शब्दचर्चा: फ्री थ्रोच्या वेळी हात ‘लागला’, ‘टेकला’ की ‘रेटला’?

बास्केटबॉलच्या नव्या पंचांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. फ्री थ्रोच्या (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या) वेळी लेनच्या, म्हणजे बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या, कडेला उभे असलेले खेळाडू एकमेकांना हात लावतात, त्याला मी ‘शरीरस्पर्श’ म्हटलं होतं. ते वाचून एका होतकरू पंचाने विचारलं, “म्हणजे नुसता हात लागला तरी फाऊल द्यायचा?” दोष माझ्या शब्दाचा आहे. त्याऐवजी काय लिहावं?

प्रतिसाद १

‘स्पर्श’ काढूनच टाका. एरवी हा शब्द हळुवार, पण नियमात शिरला की कडक होतो. बोट लागलं तरी गुन्हा वाटतो. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत हात लागणं हाच मुळात गुन्हा नाही. त्या हातामुळे समोरच्याची हालचाल अडली का, हे पंचाने पाहायचं. लेनवरची एकेक जागा जेमतेम ८५ सेंटीमीटर रुंद, आणि तिथे बचावाचे तीन व आक्रमणाचे दोन खेळाडू उभे राहू शकतात. चेंडू सुटताच हे सगळे आत घुसणार, मग अंगाला अंग लागणारच.

आपल्याकडे क्रियापदांची वाण नाही. पाठ लावून जागा राखली तर ‘खेटला’. तळहात शेजाऱ्याच्या कमरेवर नुसता असेल तर ‘टेकला’. त्याच तळहाताने त्याला जागेवरून सरकवलं तर ‘रेटला’. ‘ढकलला’ त्याहून वेगळा: ढकलणं एका झटक्यात होतं, रेटणं दम धरून. हा फरक पंचाच्या फार कामाचा आहे, कारण रेटा लांबून दिसत नाही. ज्याला रेटलंय त्याचे पाय सरकताना दिसतात. आणि शेजाऱ्याच्या दंडात आपला हात घालून त्याला उडी मारू न देणं, त्याला ‘हात गुंतवणं’ म्हणावं.

प्रतिसाद २

वरच्या यादीला हाताच्या ठेवणीचे शब्दही जोडा: ‘उभा हात’ आणि ‘आडवा हात’. नियमातलं सिलिंडर म्हणजे खेळाडूच्या अंगाभोवतीची काल्पनिक उभी जागा. कोपरात वाकवून छातीपुढे उचललेले हात त्या जागेत राहतात. कोपर बाहेर काढून शेजाऱ्याच्या छातीपुढे धरलेला हात आडवा. ‘दंडगोल’ हा प्रतिशब्द मला भूमितीच्या तासाचा वाटतो. मैदानावर सिलिंडरच चालू द्या.

एक मात्र सांभाळा. ‘चूक’ हा शब्द फाऊल आणि व्हायोलेशन (फाऊल नसलेला साधा नियमभंग) दोन्हींसाठी वापरू नका. चेंडू शूटरच्या हातातून सुटण्याआधी लेनमध्ये पाय टाकणं हे व्हायोलेशन. बचावाच्या खेळाडूने ते केलं आणि फ्री थ्रो पडला, तर गुण धरतात. हुकला, तर फ्री थ्रो पुन्हा मिळतो. रेटणं हा मात्र फाऊल, तो त्या खेळाडूच्या नावावर चढतो. शिवाय कुणालाही न लागलेला हातसुद्धा नियम मोडू शकतो: शूटरचं लक्ष उडावं म्हणून बचावाच्या खेळाडूने हलवलेला हात व्हायोलेशनमध्ये जातो.

मूळ लेखक

‘खेटला’ आणि ‘गुंतवला’ माझ्या डोक्यातच आले नव्हते, दोघांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय: “लेनवर खेटून उभं राहायला हरकत नाही. हात टेकला तर पाहत राहा. हाताने रेटलं, आडवा हात घालून वाट अडवली किंवा हात गुंतवला, तर फाऊल द्या.”